न दिसणाऱ्या दिव्याचा सत्कार

न दिसणाऱ्या गोष्टींच्या नावावर मतं मागणारे आमच्या लालबागेत पैशाला पासरी मिळतील, पण न दिसणारी गोष्ट खरोखर घडवून दाखवणारं माणूस मी एकच पाहिलंय, ते म्हणजे माझी आतेबहीण. ताई दिवे बनवते, डोळ्यांना अजिबात न दिसणारे. तांबड्या रंगाच्या पलीकडे एक प्रकाश असतो. तो कातडीतून आत शिरतो आणि रक्ताची खबर घेऊन बाहेर येतो. तो प्रकाश देणारे रेणू ती जुळवते, तेही प्लॅटिनमसारखा महागडा धातू न वापरता. कधीतरी असा दिवा मऊ पट्टीवर चढवून तान्ह्या बाळाच्या तळव्याला गुंडाळता यावा आणि रक्तात प्राणवायू किती आहे ते कळावं, एवढंच तिचं म्हणणं. मी पत्रकं लिहून, वाटून आणि गिरणीच्या गेटासमोर घसा फोडून वाढलेली मुलगी. शास्त्रज्ञ म्हणजे समारंभात शाल पांघरून गप्प बसणारी जमात, असा माझा पक्का ग्रह होता. ताई गप्प बसते हे खरं, पण तिच्या गप्प बसण्यात जेवढी जिद्द आहे तेवढी मी अख्ख्या मोर्चात पाहिलेली नाही.

तिला सगळं जग रेणूंसारखं दिसतं. रेणू एकमेकांना चिकटले की एकमेकांचा प्रकाश विझवतात, म्हणून ती प्रत्येक रेणूला आजूबाजूला आडव्यातिडव्या फांद्या जोडते, बाकावर कोपरं पसरून बसणाऱ्या माणसासारख्या. घरी एका साखरपुड्याला पाहुणे जमले तेव्हा हिने दर दोन माणसांमध्ये एक उशी ठेवली. चाळीतल्या खोलीत! अर्धे पाहुणे गॅलरीत गेले, आणि ही समाधानाने म्हणाली, "आता बघ, सगळे कसे मोकळे बोलतायत." तिचा दुसरा शत्रू म्हणजे थरथर. प्रकाश जितका तांबड्याच्या पलीकडचा हवा, तितका रेणू नुसता थरथरण्यात आपली ताकद घालवतो. म्हणून ती त्याचे सांधे आवळते, त्याला हलू देत नाही. एकदा भाडेकरूंच्या बैठकीत मी बिल्डरवर तुटून पडले होते, टेबलाखाली माझा पाय नाचत होता. शेजारी बसलेल्या ताईने माझ्या गुडघ्यावर शांतपणे हात ठेवला. "किती वाया घालवतेस गं," ती हळूच म्हणाली. त्या दिवसापासून बैठकीत माझा पाय हलत नाही. बिल्डरही हलला नाही, ती गोष्ट वेगळी.

एकदाच मी तिला चिडलेली पाहिली. रक्तातला प्राणवायू मोजायला बोटाला लावतात त्या चिमट्याच्या यंत्राचा विषय निघाला होता. सावळ्या कातडीवर ते कधीकधी चुकतं, आकडा खऱ्याहून बरा दाखवतं, असं ती म्हणाली. माझं डोकंच सणकलं. म्हणजे यंत्रसुद्धा रंग बघतं? ती म्हणाली, "यंत्राला काय कळतंय. ते बनवताना कोणाची बोटं तपासली नाहीत, ते विचार." मी तिथल्या तिथे पत्रकाचा मथळा सांगितला. तिने नकारार्थी मान हलवली. आधी दिवा टिकू दे, मग काय छापायचं ते छाप. न टिकलेल्या दिव्याच्या नावावर ती मला एक ओळ लिहू देत नाही.

आणि दिवा टिकत नव्हता. आत्या, म्हणजे ताईची आई, परळच्या एका इस्पितळात आया होती. पेशंटची गार बोटं चोळून गरम करायची आणि मग त्यांना तो चिमटा लावायचा, यातच तिची सगळी नोकरी सरली. नळावर बायका विचारायच्या, काय गो, तुझ्या पोरीचा दिवा पेटला काय? आत्या म्हणायची, पेटतो, पण दिसत नाही. बायका तोंडाला पदर लावायच्या. आत्याने लेकीवर कधी अविश्वास दाखवला नाही, पण आपण नेमका कशावर विश्वास ठेवलाय ते एकदा तरी बघावं, असं तिला वाटत होतं. ताईला ते माहीत होतं. म्हणून चाळ कमिटीने सत्कार ठेवला तेव्हा ती प्रयोगशाळेतून रीतसर परवानगी काढून एक दिवा घेऊन आली. काचेच्या चकतीत बंद केलेला नखाएवढा ठिपका, दोन तारा, एक बॅटरी. लावला की काही मिनिटांत मरणार. एकच होता.

आता दिव्यांच्या बाईचा सत्कार, तर रोषणाई नको? मंडळाचा लाइटवाला बाबल्या याने गणपतीतले सगळे हॅलोजन काढून पटांगण असं उजळलं की डास आंधळे झाले असतील. अध्यक्षांनी शाल दिली, ताईला तिच्या ठिपक्याचं बटण दाबायला लावलं आणि भाषण सुरू केलं. ताईचा चेहरा उतरला. हॅलोजनमधून हाच न दिसणारा प्रकाश भसाभसा बाहेर पडतो. तिचा ठिपका मोबाइलच्या कॅमेऱ्यात दिसतो, पण त्या पुरात तो कसा दिसणार? आणि इकडे तो संपत चाललेला. तिने बाबल्याला हळूच सांगितलं, दिवे बंद करा. बाबल्या दुखावला. "ताई, लोक लाइट वाढवायला सांगतात. तुमच्यासाठी गोडाऊन रिकामं केलंय मी." अध्यक्ष प्रकाशाच्या महत्त्वावर बोलतच होते. मी उठले, मेन स्विच खाली ओढला. भाषण अंधारात बुडालं.

अध्यक्षांनी आपला नवा फोन पुढे केला, त्यात काही दिसेना. महाग फोनच्या कॅमेऱ्याला असा प्रकाश अडवणारी चाळणी असते, म्हणे. आत्याचा फोन जुना, स्वस्तातला. तिने तो धरला आणि पडद्यावर एक जांभळट पांढरा ठिपका उगवला. डोळ्यांसमोर काळोख, फोनमध्ये उजेड.   ताईने चकती आईच्या बोटाखाली सरकवली. त्या कामाने कडक झालेल्या काळ्या बोटातून पडद्यावर अंधूक उजेड वर आला.

"माझ्या बोटातून गेला हा?"

"हो."

"मला कळलंसुद्धा नाय गो."

"तेच हवंय, आई. बाळालाही कळता कामा नये."

ठिपका मंद झाला, विरला. बाबल्याने विचारलं, लावू का आता? आत्या म्हणाली, थांब जरा. ती फोनच्या रिकाम्या पडद्याकडे बघत राहिली, आणि ताई तिच्याकडे. हॅलोजन लागल्यावर दोघींनी एकदमच डोळे मिटून घेतले.

दुसऱ्या दिवशी सकाळी ताई नेहमीच्या बसला उभी होती. मी विचारलं, आता पुढे? म्हणाली, रेणू थोडा अजून आवळायला हवा. नळावर मात्र आता आत्याला कोणी काही विचारत नाही. तीच कधीतरी आपला अंगठा उन्हात धरून बघत बसते.