नावं ठेवील त्याचं पुस्तक

सोमवारी मुकुंद कामावरून घरी आला, चहा टाक म्हणाला, आणि चहा व्हायच्या आत गेला.

त्यानंतर दोन-अडीच महिने आमच्या पुण्याच्या घरी माणसं येत राहिली आणि त्याच्याबद्दल चांगलं बोलत राहिली. शांत होता, मितभाषी होता, कधी कुणाला दुखावलं नाही. मी मान हलवत असे. मलाही तो तसाच माहीत होता. लग्नानंतरची सगळी वर्षं आम्ही एकाच खोलीत, समोरासमोरच्या दोन खुर्च्यांत बसून वाचलं. मी कॉलेजच्या ग्रंथालयात नोकरी केली. त्यामुळे घरातली खरी वाचणारी मी. तो पंपांच्या कंपनीत ओतकाम तपासणारा, वेळ मिळेल तसा वाचणारा, अशी माझी समजूत होती. त्याने पुस्तक मिटलं की मी विचारायची, "कसं आहे?" तो म्हणायचा, "बरं आहे." एवढ्यावर आमचं भागत होतं.

मग एका सकाळी हातकणंगल्याहून फोन आला.

"वहिनी, मी भूपाल बोलतोय. मुकुंदराव दर महिन्याला शिरोलीला कारखान्यात माल तपासायला यायचे न्हवं, तवा आमी चौघं बसायचो. पुस्तकांचं बोलायला. त्यांची पाळी राहिलीया. या की एकदा."

"कसली पाळी?"

"बोलायची की! लई बोलायचे मुकुंदराव. आवरायला लागायचं त्यास्नी."

फोन ठेवल्यावर बराच वेळ मला वाटत राहिलं, या माणसाने नंबर चुकवला असावा. पण मुकुंद दर महिन्याला कोल्हापूरजवळच्या शिरोलीला जात होता हे खरं होतं. जाताना त्याच्या पिशवीत पुस्तकं असत हेही खरं होतं. लॉजवर करमत नसेल म्हणून नेत असेल, असं मी धरून चालले होते. मी तिकीट काढलं.

गाडी दिवसाची होती. साताऱ्यानंतर डोंगर मागे पडले, आणि कराड सोडल्यावर दोन्ही बाजूंना ऊस सुरू झाला तो संपेना. उसाला तुरे आले होते. हे सगळं मुकुंदने दर महिन्याला पाहिलं आणि घरी येऊन "गाडी वेळेवर होती" एवढंच सांगितलं. समोरच्या बाकावरच्या बाईंनी मला भडंग (तिखट-मीठ, लसूण लावलेले चुरमुरे) दिलं आणि विचारलं, "कोल्लापूरला कोण पावणं?" मी म्हटलं, "मिस्टरांचे मित्र." तेव्हाच पहिल्यांदा त्या मंडळींचा राग आला.

हातकणंगल्याला भूपालअण्णा स्टेशनवर उभे होते. साठीचे, उंच, पांढरी टोपी. त्यांचं बियाणांचं दुकान आहे आणि मागे घर. ही जैन मंडळी, दिवस मावळायच्या आत जेवणारी, म्हणून गेल्या गेल्या ताट समोर आलं: ज्वारीची भाकरी, मुगाची आमटी, शेंगदाण्याची चटणी, घट्ट दही. जेवण झाल्यावर अण्णांनी कपाट उघडलं. खतांच्या माहितीपत्रकांवरच्या फळीत पुस्तकं होती. मी आयुष्यभर पुस्तकं हाताळली, पण यातलं एकही मी पाहिलेलं नव्हतं. गावोगावच्या विहिरींवरचं एक. रेल्वेच्या भोजनगृहात आयुष्य काढलेल्या आचाऱ्याचं आत्मकथन. पेटी दुरुस्त कशी करावी हे सांगणारं एक, मुखपृष्ठ गेलेलं.

"ही मुकुंदरावांची," अण्णा म्हणाले. "पुण्याच्या रद्दीतनं हुडकून आणायचे."

मग त्यांनी बैठकीची रीत सांगितली. पाळी असेल त्याने एक पुस्तक आणायचं. गाजलेलं चालत नाही. दोघांनी आधीच वाचलेलं निघालं तर सगळ्यांना मिसळ त्याच्याकडून. आधी मत सांगायचं, पुस्तकाचं नाव अगदी शेवटी. नाव आधी कळलं की माणसं ऐकत नाहीत, लेखक कोण ते बघतात. म्हणून मीही इथे नावं लिहीत नाही.

"हे विहिरीचं सांगताना मुकुंदराव खुर्चीवर चढलेते," अण्णा म्हणाले. "मोट कशी वर येती ते हातानं करून दावायचं म्हणून. आक्का म्हणाल्या, मुकुंदा, पडशील. तर म्हणतोय कसा, पडलो तर विहिरीतच पडंन की!"

अण्णा हसून हसून खोकायला लागले. मी मुकुंदला कधी खुर्चीवर चढलेला पाहिलं नव्हतं. बल्ब बदलायलाही तो वायरमन बोलवायचा. ती मोट पाहिलेल्या या माणसाकडे मी नीट बघून घेतलं. त्यांच्या डोळ्यांत ते दृश्य होतं आणि माझ्या नव्हतं.

निघताना अण्णांनी मला एक पातळ पुस्तक दिलं. मुकुंदने शेवटच्या खेपेला ते शिरोलीत ठेवलं होतं, पुढच्या महिन्यात यावर बोलतो म्हणून. या खेपेला रीत मोडून बाकीच्यांनी मधल्या काळात ते आळीपाळीने वाचलं होतं. "उद्या बैठक. तुमी वाचून या. त्यांच्या जागी तुमी." एक गोष्ट सांगायची मात्र अण्णा विसरले. त्यांच्या लेखी ती सांगण्यासारखी नव्हतीच.

पुस्तक जनावरांच्या एका डॉक्टरने लिहिलेलं होतं. खेड्यापाड्यांतल्या गुरांचे आजार, गोठे, बाजार. मी ते कोल्हापूरच्या एसटीत आणि मग रंकाळ्याजवळच्या लॉजवर बसून वाचून काढलं. वाचण्याआधी प्रत्येक पान उलटून पाहिलं. मुकुंद पुस्तकात खुणा करत नसे. याही पुस्तकात नव्हत्या.

सकाळी मिसळ खायला गेले. मालकाला म्हटलं, तिखट कमी. "कट (वरचा लाल तेलकट रस्सा) कमी घालतो, पर मिसळ हाय ती मिसळच," तो म्हणाला. दुसऱ्या घासाला डोळ्यांतून पाणी आलं. मी पाण्याचा ग्लास उचलला तसा तो ओरडला, "पावणं, पाणी नको! पाव खावा, पाव!" आजूबाजूचे चार लोक सहानुभूतीने बघू लागले. गेल्या काही महिन्यांत माझ्या डोळ्यांतल्या पाण्यावर एवढा उपयोगाचा सल्ला कुणी दिला नव्हता.

बैठक शिरोली एमआयडीसीत होती, दिलावर नावाच्या गृहस्थांच्या वर्कशॉपमध्ये. ते ओतकामासाठी लागणारे लाकडी नमुने करतात. सुट्टीचा दिवस होता, यंत्रं बंद. लाकडाचा भुसा बाजूला सारून चार खुर्च्या मांडल्या होत्या. एकीवर गंगाक्का बसल्या होत्या. सत्तरीच्या, सीमेकडच्या, गुळाच्या व्यापाऱ्याच्या घरातल्या, कपाळाला भस्म. सगळे त्यांना आक्का म्हणतात. कानडीत थोरली बहीण.

"मुकुंदाची बायको न्हवं तू? ये, बस. मी तुला कधीचा बघायचा म्हणतो," त्या म्हणाल्या. इकडच्या बायका स्वतःबद्दल असंच बोलतात: मी येतो, मी बघतो. बाहेरचं कुणी मुकुंदला एकेरी म्हणताना मी प्रथमच ऐकत होते. तेही इतक्या सवयीने.

"हां, सांगा वहिनी," दिलावर म्हणाले.

मी रात्रीच वाक्यं जुळवून ठेवली होती. म्हणाले की पुस्तक फार सुंदर आहे. भाषा साधी आहे, करुणा खरी आहे. मुक्या जिवाचं दुःख न बोलताही कळतं हे लेखकाने इतक्या हळुवारपणे सांगितलं आहे की प्रत्येकाने वाचावं. मला वाटलं, मुकुंदला शोभेल असं बोलले.

अण्णा टोपी काढून परत घालत होते.

"काय तरी खटकलं असंल की," दिलावर म्हणाले. "येखादं पान?"

"नाही."

"बगा हां. परत इचारतो."

"काहीच खटकलं नाही."

"मला खटकलं," आक्का म्हणाल्या. "निम्मं पुस्तक बाता हाय. बैलाच्या बाजाराचं लिवलंय ते ह्या डॉक्टरनं बाजार बगून लिवल्यालं न्हाय. दलालाशिवाय कुठं बाजार असतोय व्हय?" आणि मग त्या बोलतच राहिल्या, दिलावर मध्ये मध्ये डॉक्टरची बाजू घेत राहिले, आवाज चढले. शेवटी आक्कांनी पुस्तक उचललं आणि स्वतःच्या पिशवीत टाकलं.

"ते मी घरी नेणार होते," मी म्हटलं.

अण्णांनी कपाळाला हात लावला. "चुकलंच माझं. वहिनी, आमच्यात जो नावं ठेवतो त्याच्या घरी पुस्तक जातंय. आवडलं त्याचं काम झालं की. न्हाय आवडलं त्यानं परत वाचायचं."

"पुण्याची बाई आणि नावं न ठेवता बसली!" आक्का म्हणाल्या. सगळे हसले. मी हसले नाही.

म्हणजे अण्णांच्या कपाटातली ती पुस्तकं मुकुंदने भेट दिलेली नव्हती. प्रत्येकासाठी अण्णा त्याच्याशी भांडले होते, आणि तो उलटा भांडला होता.

बाहेर आल्यावर मी आक्कांना गाठलं. "त्याचं शेवटचं आहे हो ते."

"व्हय. म्हणून तर देत न्हाय. मागून मिळाय लागलं तर भांडायचं कुणी? चल, संध्याकाळी दूध प्यायला चल."

कोल्हापुरात संध्याकाळी काही चौकांत म्हशी उभ्या असतात. गवळी तिथेच धार काढतात आणि माणसं कट्ट्यावर बसून फेसाळ, कोमट दूध पितात. आमच्या समोरची म्हैस पाय झाडत होती. गवळ्याची बायको तिला रागे भरत होती. "आज का गं नाटकं? कालपास्नं बगतोय, डावीकडं हात लावू देत न्हाईस." मग नवऱ्याला, "हळू की वो, तिकडं दुखतंय तिला."

"मुकुंदा हितंच बसायचा," आक्का म्हणाल्या.

"काय बोलायचा?"

"पुस्तकांचं. आणि तुझं. म्हणायचा, घरात एक मोठी वाचणारी हाय, तिच्यापुढं मी काय मत सांगू."

माझ्या हातातला ग्लास कलंडला आणि दूध साडीवर सांडलं. आक्का पदराने पुसायला लागल्या. मी त्यांचा हात बाजूला केला.

"ते पुस्तक खोटं आहे," मी म्हणाले.

"कुठलं?"

"डॉक्टरचं. ती म्हैस आठवते? तीन दिवस खात नाही ती. डॉक्टर तिच्या मानेवर हात ठेवून रात्रभर बसतो. ती मरते. आणि हा लिहितो की आम्हा दोघांना सगळं कळलं होतं. काय कळलं होतं? तिची धार काढणारी म्हातारी सबंध वेळ दारात उभी आहे. त्याने तिच्या हातातला कंदील लिहिलाय, तिचं ठिगळाचं लुगडं लिहिलंय. पण तिला एका शब्दाने विचारत नाही, बाई, हिला काय होतंय? विचारलं असतं तर जगली असती कदाचित. न बोलता कळतं म्हणे! न बोलता काही कळत नाही. सोयीचं तेवढं आपण धरून चालतो."

माझा आवाज चढला होता. कट्ट्यावरचे दोघे-तिघे वळून बघत होते.

"असं कसं," आक्का म्हणाल्या. "माया असली की कळतंयच. मुकुंदा असता तर म्हणाला असता..."

"काय म्हणाला असता ते तुम्हाला माहीत नाही. याच्यावर तो तुमच्याशी बोललेला नाही. कुणाशीच नाही."

गवळ्याने दुसरी म्हैस पुढे घेतली. मग आक्कांनी पिशवीत हात घातला, पुस्तक काढलं, आणि माझ्या मांडीवर आपटल्यासारखं ठेवलं.

"दिलावरला सांगतो मी, आज दोन बैठका झाल्या म्हणून," त्या म्हणाल्या. थोड्या वेळाने म्हणाल्या, "लई भांडायचा गं." त्यांचे डोळे भरले होते. ते पाहून मला वाईट वाटायला हवं होतं. थोडं वाटलंही. पण जास्त वाटलं ते हे, की या बाईला आठवायला केवढं आहे.

दुसऱ्या दिवशीच्या गाडीने परत निघाले. हातकणंगल्याला गाडी थांबली तेव्हा अण्णा खिडकीशी आले, गुळाची एक ढेप आत सरकवली आणि म्हणाले, "पुढच्या खेपंला तुमचं स्वतःचं पुस्तक आणा. आणि आमी नावं ठेवली तर रुसू नका." मी बघते म्हटलं. माणसाची नुसती स्तुती करणाऱ्या घरांपेक्षा, तो गेल्यावरही त्याच्याशी भांडण चालू ठेवणारं हे वर्कशॉप मला जवळचं वाटलं, हे खरं आहे. त्यांचा हेवा त्यामुळे कमी झाला नाही, हेही खरं आहे.

घरी आल्यावर मी पुस्तक रीतीप्रमाणे पुन्हा वाचलं. माझं मत बदललं नाही. मुकुंदला ते आवडलं होतं की नाही, ते मला माहीत नाही. ज्यांवर तो बोलला ती पुस्तकं कोल्हापूरकडच्या घरांत आहेत. ज्यावर बोलला नाही ते एक माझ्याकडे आहे.