पोकलेनवाल्याला आलेले सोळा प्रश्न

शिरूर कासारपासून आत गेलं की कोरडी माळरानं लागतात, तिथल्या आमच्या गावात परमेश्वर राहतो. वय तीस. धंदा पोकलेन चालवायचा. वीस टनाचं ते धूड हा गडी असं हलवतो, की बकेटच्या दातानं बांधावरचा पाण्याचा तांब्या उचलून दाखवतो आणि थेंब सांडत नाही. कुणाला शेततळं खणायचं असलं की लोक आधी विचारतात, "परमेश्वर मोकळा हाय का?" पण त्यालाच खाली उतरवून काही विचारा, गडी गप्प! मान हलवणार, हसणार आणि शेजारी कोण उभं आहे ते बघणार.

त्यात त्याच्या एकट्याचा दोष नाही हो. बोलायची पाळी त्याच्यावर कुणी येऊच दिली नाही. शाळेत नाव घालताना जन्मतारीख सटवामामानं सांगितली, तीही अंदाजानं. दहावीच्या गणिताला निम्मी भावकी मागच्या भिंतीपाशी ठाण मांडून बसली होती. आलेल्या चिठ्ठ्या परमेश्वरनं सुवाच्य अक्षरात उतरवल्या, एवढंच त्याचं काम. बाप म्हाळू मेंढरांमागं वर्षातले आठ महिने बाहेर, त्यामुळं घरचा सगळा कारभार मामाकडं. पोकलेनवर हेल्पर म्हणून चिकटवला मामानं, ऑपरेटर करवला तोही मामानंच. "पोरगं लई गुणी हाय," मामा चारचौघांत सांगायचा, "शब्द म्हणून मोडत न्हाई." त्याला स्वतःचा शब्द आहे का, हे मामानं कधी तपासलं नाही.

आता तिशीच्या पोराचं लग्न जमवणं म्हणजे काय दिव्य असतं, ते ज्याच्या घरी असं पोरगं आहे त्यालाच ठाऊक. सात ठिकाणांहून नकार आले होते. कुणाला सरकारी नोकरी पाहिजे, कुणाला पुण्यात फ्लॅट. आठवं स्थळ आलं अंबाजोगाईकडचं. सत्यशीला, तिथल्या एका दवाखान्यात नर्स. घरचे मेंढपाळच, पण पोरगी शिकलेली. मामानं क्रूझर केली, तीत अकराजण कोंबले आणि पोरगी बघायला निघाले.

पोहे झाले, चहा झाला. मामानं तिची उंची विचारली, शिक्षण विचारलं, पगार विचारला, "भाकरी येती का?" हेही विचारलं. तिच्या वडलांनी परमेश्वरकडं वळून म्हटलं, "पाव्हणं, तुमचं काय म्हणणं?" मामा मधेच म्हणाला, "त्याचं काय म्हणणं असतंय? आमी म्हणू तेच त्याचं." अकराजण हसले. सत्यशीला हसली नाही. कप उचलायला ती वाकली, परमेश्वरच्या बोटाला गुंडाळलेली काळी चिंधी तिनं पाहिली आणि हळूच म्हणाली, "ग्रीसची चिंधी बांधू नका जखमेला. पिकंल." त्या दिवशी मामा मधे न पडता त्याच्याशी बोललेलं ते एकच माणूस. परमेश्वरनं घरी येऊन चिंधी फेकली, बोट साबणानं धुतलं आणि दोन दिवस ते बोट बघत बसला. गडी कामातनं गेला होता!

तिसऱ्या दिवशी तिचा मेसेज आला. बायोडाटावर नंबर होताच. म्हणाली, मी होकार द्यायच्या आधी एवढे सोळा प्रश्न सोडवून पाठवा. खाली एक लिंक.

परमेश्वरनं लिंक उघडली तर सगळं इंग्रजी. मग काय करणार बापडा? गेला आदिनाथकडं. आदिनाथ त्याचा वर्गमित्र, बीडला सहा वर्षं स्पर्धा परीक्षेचे क्लास करून सध्या गावात चहाचं हॉटेल चालवत होता. त्यानं वाचून सांगितलं की 'तेत्सुमोरी' नावाचं जपानी कार्टून आहे. डोंगराएवढे यंत्रमानव असतात, त्यांच्या पोटात बसून पोरं-पोरी ते चालवतात, आणि लढाई बाहेर कमी, त्यांच्या डोक्यात जास्त चालते. सोळा उत्तरं दिली की तुमचा स्वभाव त्यातल्या कोणत्या माणसाशी जुळतो ते कळतं.

"आरं मग हे तर तुझंच काम हाय बे!" आदिनाथ म्हणाला. "तू बी यंत्राच्या पोटातच बसतो की!"

पण प्रश्नपत्रिका आलीय ही बातमी हॉटेलातून बाहेर पडली आणि आमच्या गावाची जुनी खोड जागी झाली. पेपर एकट्यानं सोडवायचा असतो, हे आमच्याकडं कुणाला पटतच नाही. दहा मिनिटांत मामा हजर, चुलते आप्पाराव हजर, मागोमाग आणखी दोघं. परमेश्वरला बाकड्याच्या टोकाला बसवलं आणि फोन आदिनाथच्या हातात.

आदिनाथ वाचायचा. "यंत्रातून अनोळखी आवाज यायला लागले तर काय कराल?"

"ग्रीस मारायचं," आप्पाराव.

"तसला पर्याय न्हाई, काका."

"मग जवळचा बघून लिव्ह."

"सहकारी रडत असेल तर? जवळ बसाल, निघून जाल, का कामाला लावाल?"

"कामाला लाव," मामा म्हणाला. "रडणाऱ्याजवळ बसून कुणाचं भलं झालंय?"

"तुम्हाला सगळ्यात जास्त भीती कशाची वाटते?"

"कशाचीच न्हाई! भित्र्याला पोरगी देतंय का कोण?"

परमेश्वरची आई दगडाबाई तेवढ्यात डबा घेऊन आली होती. ती म्हणाली, "आरं, त्यालाच इचारा की." मामा तिच्यावर डाफरला, "ताई, तू मधी नगं बोलू, पेपर चालूय." परमेश्वर हसला. मान हलवली. सोळाच्या सोळा उत्तरं गेली आणि निकाल आला: कमांडर हिसागी. खाली लिहिलेलं आदिनाथनं मोठ्यानं वाचलं. सगळ्यांना हुकूम सोडतो, स्वतःच्या मनातलं कुणाला सांगत नाही, कधीच मागं हटत नाही. बाकड्यावर टाळ्या पडल्या. आदिनाथनं निकाल तिला पाठवला, मामानं सगळ्यांना चहा सांगितला.

संध्याकाळी सत्यशीलाचं उत्तर आलं. "कमांडर हिसागी आला असेल तर माझ्याकडून नकार समजा."

"च्यायला, कमांडर येऊन बी नकार?" मामाला कळेचना. "ह्या पोरींना पाहिजे तरी काय?" दोन शिव्या हासडल्या आणि नवव्या स्थळाचा फोन लावायला तो गच्चीवर गेला.

परमेश्वरला मात्र जेवण गेलं नाही. सात नकार आले तेव्हा त्याला वाईट वाटलं होतं, पण ते मामाला नकार आल्यासारखं वाटलं होतं. हा त्याचा स्वतःचा होता, आणि तोही त्यानं न केलेल्या गोष्टीसाठी. त्याला राग आला. कुणाचा, ते नीट सांगता आलं नसतं; पण निम्म्याहून जास्त स्वतःचाच. दुसऱ्या दिवशी सकाळी कामावर जाऊन तो केबिनमध्ये बसला, दार लावून घेतलं आणि फोनवर आवाज भरला. नऊ वेळा भरला, आठ वेळा पुसला. नववा पाठवला तो असा: "ती उत्तरं माझी न्हाईत. पाच जणांनी मिळून लिव्हली. मी नुसता बसलतो. मला इंग्रजी येत न्हाई. तुमी नकार द्या, पण मला द्या. त्येन्ला नको."

दुपारच्या सुट्टीत तिचा फोन आला.

"एकटे हायत का?"

"हाव. मशिनीत बसलोय."

"मग मी मराठीत वाचते. तुमी बोला. कुणाला इचारायचं न्हाई."

पहिली दोन-तीन उत्तरं द्यायला परमेश्वरला इतका वेळ लागला, की तिला वाटलं फोन कटला. मग जमायला लागलं. यंत्रातून आवाज आला तर? "आधी बंद करीन. मग ऐकीन." सहकारी रडत असेल तर? "जवळ बसीन. बोलता न्हाई येणार, पण बसीन."

"भीती कशाची वाटते?"

हे त्यानं आईलाही सांगितलं नव्हतं. "मागं घ्यायची," तो म्हणाला. "चार वर्षं झाली. तलावातला गाळ काढत होतो. मशीन मागं घेत होतो. मागं एका बाईनं बाभळीला झोळी बांधलती, लेकरू झोपलेलं. मला दिसलंच न्हाई. कुत्रं भुकलं म्हणून थांबलो. खाली उतरून बघितलं तर झोळी अन् मशिनीच्या चेनमधी एवढं अंतर." त्यानं हातानं वीतभर अंतर करून दाखवलं, फोनवर दिसत नाही हे त्याच्या लक्षातच आलं नाही. "लेकरू उठलं बी न्हाई. तवापासून मी मशीन मागं घ्यायच्या आधी खाली उतरतो, चारी बाजूनं फिरून येतो. लोकं हसतेत. म्हणतेत, परमेश्वर मशिनीला प्रदक्षिणा घालतोय. घालू द्या."

परमेश्वरनं फोन कटला का ते बघितलं.

"हॅलो?"

"हाय मी," सत्यशीला म्हणाली. "पुढचा प्रश्न."

सोळा झाले. निकाल आला नाओ. यंत्रात चढण्याआधी रोज रडणारा पोरगा. नर्सांच्या हॉस्टेलवर तिच्याशिवाय तो कुणालाच आवडत नाही, असं तिनं हसत सांगितलं, आणि वर म्हणाली, "रविवारी या अंबाजोगाईला. क्रूझर नको, एकटे या."

एकट्यानं पोरगी बघायला जाणं! असलं आमच्याकडं कुणी ऐकलं नव्हतं. मामाला सांगितलं असतं तर तोच आधी गाडीत जाऊन बसला असता. म्हणून परमेश्वरनं फक्त आईला सांगितलं. दगडाबाईनं डोळे मोठे केले, मग कपाटातला इस्त्रीचा शर्ट काढून दिला. "जा," म्हणाली, "अन् लाजून मागं येऊ नगंस." एसटीनं बीड, बीडहून दुसरी गाडी, दुपारी अंबाजोगाई.

स्टँडाजवळच्या रसवंतीत दोघं बसले. आधी दोघंही उसाच्या रसाकडंच बघत होते. शेवटी परमेश्वरनं विचारलं, "तुमाला कोण आलतं? त्या सोळा प्रश्नांत?"

सत्यशीलानं ग्लास खाली ठेवला. "कमांडर हिसागी."

परमेश्वरला आधी कळलं नाही. कळलं तेव्हा तो इतक्या मोठ्यानं हसला, की रस काढणाऱ्यानं घाणा थांबवून बघितलं. "म्हणूनच म्हणलं," तीही हसत होती, "एका घरात दोन नकोत."

मग ती हसायची थांबली. "आता माझं ऐका. मी नोकरी सोडणार न्हाई. नाइट ड्युटी असली तर ती बी करणार. राहणार हितं, खोली करून. तुमी कामं हितली धरा, न्हाईतर ये-जा करा. हे मी त्या दिवशी घरी बोलणार होते, पण मला कुणी इचारलंच न्हाई. भाकरी येती का तेवढं इचारलं. तुमाला चालतंय का?"

परमेश्वरनं सवयीनं शेजारी बघितलं. शेजारी लिंबांची टोपली होती.

"चालतंय," तो म्हणाला.

"तुमच्या घरी कोण सांगणार?"

त्याला घाम फुटला. वीस टनाची मशीन विहिरीच्या काठावर नेताना फुटत नाही तेवढा. पण त्यानं फोन काढला, मामाचा नंबर लावला आणि तिलाही ऐकू जावं म्हणून स्पीकर चालू केला.

"मामा, मी अंबाजोगाईत हाय. सत्यशीलासंगं. नववं स्थळ बघू नका."

"आँ? कुठं हाय म्हणला?"

"ती नोकरी सोडणार न्हाई, मामा. गावात राहणार न्हाई. मी हितली कामं धरणार. मला चालतंय."

पलीकडं मामाचा आवाज चढला, तीस वर्षं चढत आला होता तसाच. "तुला कुणी इचारलं बे?"

परमेश्वरनं समोर बघितलं. सत्यशीला त्याच्याकडंच बघत होती.

"हिनं," तो म्हणाला.