दार न वाजवणारी हार्मोन्स

माणसाचं वागणं त्याचं स्वतःचं नसतंच, यावर आमच्या जळोचीच्या शेजाऱ्यांइतका ठाम विश्वास असलेला गृहस्थ मी दुसरा पाहिला नाही. नव्वदच्या दशकात ते बारामतीच्या एका कॉलेजात प्राणिशास्त्र शिकवायचे. मूळचे कळसचे, वडिलांपर्यंत घरात मेंढरं होती. प्राचार्य ओरडले की बाकीचे चरफडायचे, सर म्हणायचे, "त्यांचा दोष न्हाय, कॉर्टिसॉल वाढलंय." पुष्कळशी हार्मोन्स पेशीच्या दारातूनच निरोप देतात, पण स्टेरॉइड हार्मोन्स दार न वाजवता मेंदूतल्या पेशीच्या थेट माजघरात शिरतात आणि कुठलं जनुक चालू, कुठलं बंद हे ठरवून सगळा स्वयंपाकच बदलतात, हे त्यांनी मला, भाजी निवडणाऱ्या माझ्या बायकोला आणि एकदा दाढी करून घेताना न्हाव्यालाही समजावलं होतं. मान हलवू नका, एवढंच तो म्हणाला.

त्यांचं आवडतं उदाहरण मेंढीचं. गाभण असताना इस्ट्रोजेन तिचा मेंदू तयार करून ठेवतं, म्हणून व्यायल्यावर ती कोकराला चाटते. न व्यालेली मेंढी त्याला ढुशी मारते. एखादीचं कोकरू मेलं तर कळसला त्याचं कातडं पोरक्या कोकराला पांघरवून तिच्याकडे सोडत. वासाला फसून ती त्याला पाजायची.

सरांना आणि बाईंना, म्हणजे त्यांच्या पत्नीला, मूल नव्हतं. सरांची धाकटी बहीण बाळंतपणात गेली, तिची मुलगी सरांनीच वाढवायची असं घरात ठरलं, आणि हे शास्त्र त्यांच्या अंगाशी आलं. बाई कधी बाळंत झालेल्या नाहीत, मग माया येणार कुठून? बाईंना हे विचारायची सोय नव्हती. सरांबरोबर मी कळसला मुलीला आणायला गेलो तेव्हा त्यांनी पिशवीतून बाईंची वापरलेली, न धुतलेली साडी काढली आणि मुलीला तिच्यात गुंडाळलं. परतताना जीपमध्ये ते साडीचं टोक पुन्हा पुन्हा तिच्याभोवती खोचत होते. मला त्यांची फार कीव आली.

बाईंनी दारात भाकरतुकडा ओवाळून टाकला, मुलीला घेतलं आणि साडी ओळखली. त्याही मेंढरांच्याच घरातल्या.

"मी मेंढी हाय व्हय?" त्या शांतपणे म्हणाल्या. "जावा, धुतलेलं दुपटं आणा."

मुलगी त्यांच्या खांद्यावर केव्हाच झोपली होती. सर दुपटं आणायला गेले ते बराच वेळ आलेच नाहीत. मी आत गेलो, तर दुपटं छातीशी धरून रडत उभे. हे कुठलं हार्मोन, असं मी विचारलं.

"म्हाईत न्हाय," ते म्हणाले.

पुढे माझी बदली झाली, जळोची सुटली. सरांनी समजावलेलं बरंचसं मी विसरलो आहे. हे एवढं मात्र राहिलं.