चांदवडच्या चढावर सायकलींची अदलाबदल

सर्वप्रथम एक गंभीर तक्रार नोंदवतो. रेसिंग सायकलच्या हँडलवर, ब्रेकच्या दांडीपाशी जिथे तळहात टेकतो तिथे, रबराची एक टोपी असते. तिला काम काहीच नाही. हाताला ओरखडा येऊ नये म्हणून ती तिथे बसून असते, एवढंच. इटालियन कंपनीची असेल तर जोडीला अठराशे रुपये. मागच्या वर्षी बाराशे होती. वर्षभरात रबराची झाडं संपावर गेल्याचं माझ्या वाचनात नाही. आपल्या पूर्वजांनी चौसष्ट कला सांगितल्या आहेत, त्यांत रबराला चांदीचा भाव आणण्याची कला नाही. ती उत्तरकालीन असावी.

आणि मौज अशी की ही टोपी माझी नव्हेच. मी जपानी पंथाचा. टोपी माझ्या मित्राची, माधवची. माधव दातांचा डॉक्टर, गंगापूर रोडला दवाखाना. शाळेपासून आम्ही एकत्र. पुढे तो दातांकडे गेला आणि मी संस्कृत शिकवायला लागलो, म्हणजे दोघांचाही संबंध लोकांच्या तोंडाशीच. इटालियन गिअरवर त्याची अनन्य भक्ती आहे. जपानी गिअर बोटांनी ढकलायचे असतात, इटालियन गिअरला मात्र आतल्या बाजूला एक बटण असतं, ते अंगठ्याने दाबायचं. माधवचा सिद्धांत असा, की दात काढताना बोटं फक्त हजर असतात, निर्णय अंगठा घेतो. तेव्हा खरा गिअर तोच. त्याची मुलगी जर्मनीत असते. ती दर सुट्टीला येताना बापासाठी चॉकलेटऐवजी चेन आणते आणि दर वेळी सांगते, "बाबा, युरो परत वाढलाय हं." आठ गिअरचे नऊ झाले, नवाचे दहा झाले, प्रत्येक वेळी जुनी चेन निरुपयोगी. आता म्हणे अकरावा येतोय. दशावतारानंतरही अवतार घेत राहणारे हेच.

तर नोव्हेंबरात एका सकाळी माधव म्हणाला, "उजवं बटण घट्ट झालंय रे. दाबलं जात नाही."

मी टिंगल केली. वीस वर्षांत त्याच्या तोंडून इटलीची निंदा पहिल्यांदाच ऐकत होतो. तो हसला नाही. म्हणाला, "ब्रेक-गिअरच्या दांड्यांची नवी जोडी बावीस हजार. नाही परवडत. विकून टाकतो सायकल आणि मोकळा होतो."

माधवला बावीस हजार परवडतात, हे माझी अक्कलदाढ सांगेल. म्हणून मी जास्त काही न बोलता सहल ठरवली. नाशिक, चांदवड, मनमाड, येवला, मुक्काम आणि दुसऱ्या दिवशी विंचूर-निफाडवरून परत. दर हिवाळ्यात आम्ही हीच फेरी करतो. माझा हिशेब साधा होता. माणूस रस्त्यावर आला की सायकल विकायचं विसरतो.

दिवस पहिला

उजाडता निघालो. डिसेंबरातल्या नाशिकच्या थंडीत पहिला अर्धा तास नाक आपलं आहे यावर विश्वास ठेवून चालावं लागतं. आडगाव सोडलं की आग्रा रोड सरळ होतो, पण सध्या चौपदरीकरण चालू आहे. तुम्ही जाणार असाल तर पातळ टायर नकोत; जागोजागी डायव्हर्जन, खडी आणि धूळ. ओझरपाशी विमानांच्या कारखान्याची पहिली पाळी आत जात होती आणि शेकडो साध्या, काळ्या सायकली आमच्या दोन नखरेल सायकलींकडे बघतही नव्हत्या.

पिंपळगावला नाश्ता. मिसळ बारा रुपये, पाव जादा लागतातच. माधवने मिसळ घेतली नाही, पोहे घेतले. मी म्हटलं, "इटलीत मिसळ मिळत नाही म्हणून?" तो म्हणाला, "शास्त्रीबुवा, खा मुकाट्याने."

पुढे कांद्याचे ट्रॅक्टर लागले. लाल कांदा बाजारात यायचे हेच दिवस. ट्रॉलीच्या मागे वाऱ्याचा आडोसा घेऊन चालवलं की पाय निम्मे दुखतात, डोळे मात्र दुप्पट चुरचुरतात.

चांदवडच्या अलीकडे चढ सुरू होतो तिथे एक लिंब आहे. त्या लिंबाखाली आमचा जुना नेम आहे, तो सांगतो. तिथे आम्ही सायकली बदलतो. उंची सारखीच, पेडल सारखी, त्यामुळे अडचण नाही. चढ दुसऱ्याच्या सायकलवर चढायचा आणि वर चहाच्या टपरीवर पोचल्यावर शत्रूपक्षाचा एक गुण प्रामाणिकपणे सांगायचा. पूर्वपक्ष समजून घेतल्याशिवाय खंडन करू नये, ही मूळ सूचना माझी. माधवने आजवर एकही गुण सांगितलेला नाही. एका वर्षी म्हणाला, "हिचा गुण म्हणजे वर आल्यावर परत देता येते." दुसऱ्या वर्षी म्हणाला, "घंटा चांगली आहे." घंटा मी पंचवटीतून घेतली होती.

आम्ही बदललो. मी त्याच्या इटालियन बाईंवर बसलो. चढ मध्ये एकदा सैलावतो, तिथे गिअर बदलावा लागतो. मी अंगठ्यात जोर आणला, कारण बटण घट्ट आहे हे मला माहीत होतं. आणि ते दबलं. नुसतं दबलं नाही. ताज्या लोण्यात बोट जावं तसं गेलं. एकाऐवजी दोन गिअर खाली आले आणि मी पडता पडता वाचलो. पुन्हा दाबून पाहिलं. पुन्हा. टिक. टिक. बटणाला काहीही झालेलं नव्हतं.

न्यायशास्त्रातलं अनुमान मी पहिल्या वर्षाच्या मुलांना शिकवतो. डोंगरावर धूर दिसतो, म्हणून तिथे अग्नी आहे. तेवढंच सोपं अनुमान त्या चढावर माझ्यापुढे उभं होतं आणि मी मान खाली घालून पेडल मारत राहिलो.

माधव माझ्याआधी वर पोचला होता. असं कधी होत नाही. टपरीवाल्या मावशी सायकलभोवती फिरून पाहत होत्या.

"लय झाक हाय. कितीला पडली?"

रस्त्यावर विचारला जाणारा हा प्रश्न आणि त्याचं आमचं ठरलेलं उत्तर: "पाच हजार."

"पाच हजार?" मावशींनी पदर सावरला. "येड्यात काढलं तुम्हाला. आमच्या दीराने बाराशेत घेतली, तिला मागं कॅरेज पण हाय. डबे, पोतं, बायको, समदं बसतं. हिच्यावर काय बसतं?"

"अभिमान बसतो," मी म्हटलं.

"मंग खाली उतरवा त्याला, चहा घ्या," मावशी म्हणाल्या. चहा तीन रुपये. आलं भरपूर.

माधवने ग्लास डाव्या हातात धरला. "सांग," तो म्हणाला, "माझ्या सायकलचा गुण."

मी काहीतरी फ्रेमबद्दल बोललो. बटणाबद्दल बोललो नाही. मग तो म्हणाला, "तुझं जपानी चांगलं आहे रे. सगळा हात लावून ढकलता येतं. अंगठ्यावर काही येत नाही." वाफेवर फुंकर मारून म्हणाला, "हेच बसवून घेतो मी."

वीस वर्षं ज्या वाक्याची वाट पाहिली ते वाक्य चांदवडच्या टपरीवर मिळालं. मला विजयाचा आनंद व्हायला हवा होता. चहा कसा होता ते मला आठवत नाही. वर 'आलं भरपूर' असं लिहिलंय ते दर वर्षीच्या माहितीवरून.

मनमाडला जेवण. पिठलं-भाकरीची थाळी चाळीस रुपये, ठेचा फुकट पण जबाबदारी तुमची. चमच्याने जेवणाऱ्यांना माधव आयुष्यभर नावं ठेवत आला आहे. त्याच्या दवाखान्यात कुणी म्हणालं की दात दुखतो म्हणून खिचडी चमच्याने खातो, तर त्यालाही सोडत नाही. त्याने मसालेभात मागवला आणि वाढप्याला हळूच म्हणाला, "एक चमचा द्या." माझी भाकरी मोडता मोडता हातातच राहिली. मग मीही चमचा मागितला. पिठलं-भाकरी चमच्याने खाणं ही पासष्टावी कला आहे. करून पाहू नका.

येवल्यात पोचलो तेव्हा ऊन कलत होतं. लॉज स्टँडजवळ, डबल रूम तीनशे, सायकली खोलीत नेऊ देतात, तेवढं आधी विचारून घ्या. वहिनींनी, म्हणजे माधवच्या बायकोने, पैठणी बघून यायला सांगितलं होतं, म्हणून एका विणकरांच्या घरी गेलो. पुढच्या खोलीत माग, त्याच्यामागे स्वयंपाक. त्यांनी मोरांचा काठ उलगडला.

"डॉक्टर, अंगठा फिरवून बघा काठावरनं. दोन्ही बाजूंनी सारखं लागलं पायजे. मशीनच्यात मागं धागे लोंबतात."

माधवचा उजवा हात जॅकेटच्या खिशात होता. तो तिथेच राहिला. डावा पुढे आला, काठावरून गेला. "सुंदर आहे," तो म्हणाला. किंमत ऐकून मी रबराच्या टोपीला मनोमन क्षमा केली.

दिवस दुसरा

सकाळी मी माझी सायकल घ्यायला गेलो तर माधव तिच्यावर बसलेला. "आजच्या दिवस असू दे," तो म्हणाला. नेमात हे नव्हतं. नेम फक्त चढापुरता. मी इटालियन बाईंना घेऊन निघालो.

येवला ते विंचूर रस्ता चांगला, ट्रक बेताचे. निफाडकडे द्राक्षबागा लागतात. घडांना कागद गुंडाळलेले, जणू सगळी बाग पार्सल करून ठेवली आहे. एका विहिरीपाशी पाणी भरायला थांबलो. बाटलीचं झाकण माधवला उघडेना. मी ते हातातून घेतलं, उघडलं, परत दिलं. दोघंही बागेकडे पाहत होतो.

मग तो म्हणाला, "तू काल बटणाबद्दल काही बोलला नाहीस."

"नाही."

"तीनदा दाबलंस. मला वरून आवाज येत होता."

मी माझी बाटली भरायला घेतली.

"बरं केलंस," तो म्हणाला. बाटली सायकलच्या दांडीवरच्या पिंजऱ्यात अडकवली आणि पुढे झाला. नाशिकच्या वेशीपर्यंत तो पुढेच होता आणि मी त्याच्या मागे. माझ्या सायकलवरची माझी घंटा तो खड्डा आला की मला इशारा म्हणून वाजवत होता.

घरी

दोघांचा खर्च मिळून हजाराच्या आत, पैठणी सोडून. पैठणी सोडलीच. फोनवर वहिनींना रंग पसंत पडेना की माधवला तो सांगायला जमेना, कळलं नाही.

सायकली अजून परत बदललेल्या नाहीत. त्याची माझ्या गॅलरीत उभी आहे. येता-जाता मी बटण दाबतो. टिक. बायको विचारते, "सारखं काय टिकटिक?" मी म्हणतो, टोपी तपासतोय. टोपी खरंच फाटली आहे, उजवी, अंगठ्याच्या जागी. तो किती जोर लावत असेल त्यावरून दिसतं.

मी त्याच्या मुलीला टोप्यांची नवी जोडी आणायला सांगणार आहे. अठराशे असो की अडीच हजार. त्याने पंथ बदलू नये. भांडायला समोर कुणीतरी इटालियन हवा.

पण खरं सांगायचं तर रबर, युरो, अकरावा गिअर, मला यातल्या कशाचीच काळजी नाही. माधवच्या उजव्या हाताला काहीतरी झालंय. तो स्वतः डॉक्टर आहे, त्याला ते माझ्याआधी कळलेलं आहे. सध्या तो दुपारचे पेशंट घेत नाही, असं वहिनी सांगत होत्या. तो कुणाला दाखवून आलाय का, हे त्याला विचारायला हवं. मी अजून विचारलेलं नाही. मला उत्तराची भीती वाटते.