न दिसणाऱ्या माणसांचं हसू

टीव्हीवरच्या विनोदी मालिकेतली आई टोमणा मारते आणि कंबरेवर हात ठेवून क्षणभर थांबते. मग न दिसणारी माणसं खदाखदा हसतात. त्यांचं हसू ओसरलं की ती पुढचं बोलते. अशा कितीतरी आया मी पाहिल्या. साड्या बदलल्या, स्वयंपाकघरं बदलली, ते थांबणं मात्र सगळ्यांचं सारखंच. मला त्या थांबण्याचा हेवा वाटतो, माझ्या आईच्या वतीनं. तीही जन्मभर असंच बोलत आली आहे, पण तिचं बोलणं कुकरच्या शिट्टीत आणि मिक्सरच्या घरघरीत विरून जातं.

काल अशीच एक मालिका चालू होती. बाबांनी मोबाइलमधून डोकं वर न काढता विचारलं, "आज भाजी कसली?"

"कालचीच," आई म्हणाली. "काल तुम्हाला ओळखता आली नाही, आज परत बघा प्रयत्न करून."

आणि हातात डाव घेऊन ती चक्क थांबली.

बाबा नुसतं "बरं" म्हणाले. मला हसू फुटायच्या आत टीव्हीतली माणसं त्यांच्याच कुठल्याशा विनोदावर खो खो हसली. आईनं टीव्हीकडे मोठ्या मायेनं पाहिलं.

"निदान त्यांना तरी कळलं," ती म्हणाली.