कागदवालीचा फ्लोचार्ट

समोर कॉम्प्युटर रिकामा असताना त्याच्याकडे पाठ करून कागदावर चौकोन आणि बाण काढत बसणारी मुलगी मी एकच पाहिली. नारायणगावच्या आमच्या क्लासात तिला सगळे कागदवाली म्हणत. ती डिंभ्याहून यायची, तीही एसटीच्या मर्जीने. मी वारूळवाडीची, सायकलवर दहा मिनिटांत हजर, टायपिंगही झपाझप. तरी सर तिचेच कागद सगळ्यांना दाखवायचे आणि माझ्या अंगाचा तिळपापड व्हायचा.

त्या वर्षी सरांनी प्रत्येकाला प्रश्नमंजूषेचा खेळ बनवायला सांगितला. ज्याचा खेळ उत्तम चालेल, त्याला क्लासातच शिकवायला ठेवणार होते. घरी माझ्या लग्नाची बोलणी सुरू होती. नोकरी लागली असती तर ती थांबली असती.

मी त्याच दिवशी कोड लिहायला बसले. कागदवाली मात्र स्टँडवर गाडीची वाट बघणाऱ्यांना प्रश्न विचारत सुटली. एक आजोबा म्हणाले, "आमच्या जावयाला म्हाईत हाय." तिने त्या उत्तरालाही एक बाण काढला.

"खेळ करतीस का जनगणना?" मी टोमणा मारला.

"बरोबर सांगणारा पुढं जातोच गं," ती म्हणाली. "चुकणारा कुठं जाईल ते आदी बघावं. तीनदा इचारायचं. तरी न्हाई जमलं, तर उत्तर आपणच सांगायचं आन् पुढं जायचं. पण हसायचं न्हाई."

मला त्यात शहाणपण दिसलं नाही, पोटात दुखलं तेवढं. खेळांच्या परीक्षेच्या आदल्या दिवशी गाडी पकडायच्या गडबडीत तिचा फ्लोचार्ट बाकावर राहिला. मी तो उचलून माझ्या निळ्या वहीत घातला.

सकाळी तिने विचारलं, "माझा कागुद बघितलास का?"

"न्हाई."

ती कागदाशिवायच टाइप करायला बसली. इतक्या जणांना विचारून झालं होतं की एकेक बाण तिला पाठ होता. खेळून बघायला सरांनी शेजारच्या शिंपीकाकांना बोलावलं. माझ्या खेळात त्यांनी उत्तराच्या आकड्याऐवजी स्वतःचं नाव टाइप केलं आणि खेळ जागीच बंद पडला. तिच्या खेळाने त्यांना पुन्हा विचारलं, आणखी एकदा विचारलं, मग उत्तर सांगून पुढे नेलं. काका खुर्चीवरून उठेनात.

नोकरी तिला मिळाली. पेढा हातावर ठेवताना तिने पुन्हा कागदाचं विचारलं आणि मी पुन्हा नाही म्हटलं. तो पेढा मला गोड लागला नाही.

माझं लग्न पुण्यात झालं. पुढे मीही प्रोग्रॅम लिहायच्याच कामाला लागले, आणि दर वेळी आधी चुकणाऱ्या माणसाची वाट आखते. लोक माझं कौतुक करतात, तेव्हा मला अजूनही तिचा हेवा वाटतो.

लग्नानंतर सर्टिफिकेट न्यायला गेले, तेव्हा ती मला स्टँडवर सोडायला आली होती. "कागुद दिसला व्हता का गं?" तिने विचारलं.

"न्हाई," मी म्हटलं.

गाडी आली. माझी पिशवी खिडकीतून आत देत ती म्हणाली, "तुझ्या निळ्या वहीत हाय. राहू दे तुलाच."

ती हसली मात्र नाही. हसली असती तर बरं झालं असतं.