नईमभाईंच्या गाडीची मागची डावी काच

मी जात्याच संशयी. भुताखेताचं कुणी सांगायला लागलं की आधी सांगणाऱ्याचा चेहरा बघतो... याला यातून काय मिळणार? त्यामुळे आज स्वतः लिहिताना लाज वाटते आहे.

पेणला माझं गाड्यांच्या काचांना फिल्म लावायचं दुकान आहे. नियमात बसणारी, फिकी, ऊन अडवणारी. लावायचं काम माझा मावसभाऊ पश्या करायचा. आधी काच साबणाच्या पाण्यानं भिजवायची, बोटंही ओली ठेवायची, मगच फिल्म चिकटवायची. कोरडं बोट गोंदाच्या बाजूला लागलं तर ठसा फिल्म आणि काचेच्या मध्ये अडकतो, पुसता येत नाही.

गेल्या मे महिन्यात रोह्याचे नईमभाई आले. कुवेतहून सुट्टीवर आलेले. पश्यानं त्यांच्या गाडीला फिल्म लावली. चौथ्या दिवशी ते परत – मागच्या डाव्या काचेवर आतून चार बोटांचे ठसे. मी पश्याला झापलं, त्यानं फिल्म काढून नवी लावली. आठवड्यानं पुन्हा तेच. या वेळी मी नीट बघितलं. मधलं बोट अर्धं पेर आखूड. गाडीच्या दारात सापडून पश्याचं मधलं बोट तसंच झालेलं आहे.

पश्या स्वतःच्या दुकानासाठी रोह्यात गाळा शोधतोय हे माझ्या कानावर होतंच. माझं डोकं सटकलं.

"मुद्दाम काम बिघडवून माझं गिऱ्हाईक फोडायला बघतोस काय रे?"

"दादा, आईशप्पत, मी बोटं भिजवूनच लावली."

"मग हे बोट कुणाचं?"

त्यानं हातातलं ब्लेड टेबलावर ठेवलं आणि गेला. पंधरा दिवसांत डोलवीच्या स्टील कंपनीत कंत्राटी कामावर लागला. सात वर्षं माझ्याकडे होता तो.

तिसऱ्यांदा फिल्म मीच लावली. काच ब्लेडनं खरवडून, धुऊन, उजेडात तपासून. गाडी दुकानासमोर उन्हात, चावी माझ्या खिशात, मी आणि नईमभाई समोरच स्टुलावर. दुपारचा एक वाजला असेल. फिल्मखालचं पाणी सुकत होतं... आणि आमच्या डोळ्यांदेखत एकेक बोट उमटत गेलं. चार. मधलं आखूड. गाडीत कुणी नव्हतं.

"भाऊ, ह्यो तुमच्या पश्याचा हात हाय ना?" नईमभाई हळूच म्हणाले. "आता काढू नका. ऱ्हावंदे तसाच."

मी लगेच पश्याला फोन लावला. तो पहिल्या शिफ्टला कंपनीत होता, मागे मशीनचा आवाज येत होता. सगळं सांगितलं.

"बोट माझंच हाय ना? मग तू काय चुकीचं बोललास?" म्हणाला आणि फोन ठेवला.

उन्हामुळे, गोंदामुळे, काहीतरी कारण असेल म्हणून फिल्मवाल्या कंपनीच्या माणसालाही विचारलं. तो हसला. मला आजही काही सांगता येत नाही. पश्यानं केलं नाही, एवढं नक्की. ते मी डोळ्यांनी बघितलंय.

परवा गागोद्याला मावशीकडे गेलो. पश्या ओटीवर बसला होता. मी माफी मागितली, मनापासून मागितली. पण बोलता बोलता माझी नजर त्याच्या हाताकडे गेली. त्यानं हात पाठीमागे घेतला.